एअर कूलर की लिक्विड कूलर? आधी वॅट मोजा, मग ठरवा

संगणकाच्या प्रोसेसरला थंड ठेवणारा कूलर निवडायला बसण्याआधी दोन आकडे हातात हवेत. एक, तुमचा प्रोसेसर पूर्ण भारावर खरोखर किती वॅट ओढतो. दुसरा, कॅबिनेटमध्ये कूलरला किती मिलिमीटर जागा मिळते. हे दोन आकडे कळले की बहुतेकांचा निर्णय आपोआप होतो आणि तो बऱ्याचदा एअर कूलरच्या बाजूनं पडतो. लिक्विड कूलर वाईट असतो असं नाही. पण तो घ्यायला ठोस कारण लागतं, आणि ते कारण काय असू शकतं तेच इथे सांगायचं आहे.

खोक्यावरचा टीडीपी आणि खरे वॅट

प्रोसेसरच्या खोक्यावर ‘६५ वॅट’ किंवा ‘१२५ वॅट’ लिहिलेलं असतं. हा टीडीपी, म्हणजे कंपनीनं सांगितलेला उष्णतेचा आकडा. त्यावर विसंबून कूलर घेऊ नका. इंटेलच्या कोअर आय९-१४९००के चा मूळ आकडा १२५ वॅट आहे, पण टर्बोमध्ये, म्हणजे भार आल्यावर वेग वाढवताना, तो २५३ वॅटपर्यंत जातो. कोअर आय५-१३४०० ‘६५ वॅटचा’ म्हणून विकला जातो, त्याची टर्बो मर्यादा १४८ वॅट आहे. एएमडीच्या एएम५ सॉकेटवर (सॉकेट म्हणजे मदरबोर्डवरची प्रोसेसरची जागा) हिशोब सोपा आहे: टीडीपीला १.३५ ने गुणायचं. ६५ चे ८८ होतात, १२० चे १६२ आणि १७० चे २३०.

मात्र ही झाली कमाल मर्यादा. प्रत्येक प्रोसेसर तिथपर्यंत पोचतोच असं नाही. एएमडीच्या रायझन ७ ७८००एक्स३डी चा टीडीपी १२० वॅट असला, तरी सगळे कोअर (प्रोसेसरमधले कामकरी भाग) जुंपले तरी तो साधारण ९० वॅटच्या आतच राहतो आणि गेममध्ये त्याहून बराच कमी ओढतो. टीडीपी बघून त्याला ३६० चा रेडिएटर (लिक्विड कूलरची जाळी; आकडा म्हणजे पंख्यांची एकूण लांबी, मिलिमीटरमध्ये) लावणारे पुष्कळ आहेत, आणि त्यांना त्यातून जवळपास काहीच मिळत नाही.

मशीन हाताशी असेल तर एचडब्ल्यूइन्फो हा तापमान आणि वॅट दाखवणारा प्रोग्रॅम चालू करून ‘सीपीयू पॅकेज पॉवर’ ही ओळ बघा. बघायचं ते तुमचं रोजचं सगळ्यात जड काम चालू असताना. कुणाचं ते व्हिडिओ एन्कोडिंग असेल, कुणाचं कोड कंपायलिंग, कुणाचा गेम. नवीन मशीन जुळवत असाल तर त्याच प्रोसेसरच्या चाचण्यांमध्ये मोजलेले वॅट शोधा, आणि तेही तुमच्या कामाशी जुळणाऱ्या चाचणीतले. गेम खेळणाऱ्यानं रेंडरिंगचा आकडा धरला तर तो उगाच दुप्पट मोठा कूलर घेऊन बसेल.

बायोसही (मदरबोर्डाच्या मूळ सेटिंग्ज) तपासा. अनेक मदरबोर्ड इंटेलची वॅटमर्यादा मुळातच काढून टाकतात. तिथे ४०९५ किंवा ४०९६ असा आकडा दिसला तर त्याचा अर्थ ‘मर्यादा नाही’. अशा मशीनला कितीही मोठा कूलर लावा, प्रोसेसर त्याला पुरून उरेल. आधी तिथे इंटेलनं दिलेली मर्यादा टाका, मग तापमान बघा.

तापमानाचा आकडा कसा वाचायचा

रायझन ९ ७९५०एक्स हा ९५ अंशांना जाऊन भिडण्यासाठीच बनवलेला आहे. कूलरमध्ये जेवढा दम असेल तेवढा क्लॉक (वेग) तो वाढवत नेतो आणि ९५ वर थांबतो. म्हणून तो ९५ दाखवतोय एवढ्यावरून कूलर कमी पडला असं म्हणता येत नाही. तिथे क्लॉक आणि वॅट बघायचे. इंटेलच्या अलीकडच्या डेस्कटॉप प्रोसेसरची मर्यादा साधारण १०० अंश आहे, ७८००एक्स३डी ची ८९.

आणखी एक गोष्ट बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. रायझन ७००० मालिकेत आठपर्यंत कोअर सुमारे ७० चौरस मिलिमीटरच्या एकेका चिपलेटमध्ये (सिलिकॉनच्या छोट्या तुकड्यात) दाटीवाटीनं बसवलेले आहेत. एवढ्याशा जागेतून उष्णता बाहेर यायची, मग वरचं धातूचं झाकण ओलांडायचं, मग थर्मल पेस्ट (झाकण आणि कूलर यांच्यामधला उष्णता वाहणारा लेप), मग कूलरचा तळ. अडतं ते इथेच. पुढे रेडिएटर दुप्पट केला तरी मागची ही वाट रुंद होत नाही. ७००० मालिकेतल्या एक्स३डी प्रोसेसरमध्ये तर चिपलेटच्या डोक्यावर कॅशचा (जलद मेमरीचा) आणखी एक थर आहे. ९८००एक्स३डी मध्ये तो थर कोअरच्या खाली नेला आणि उष्णतेची वाट मोकळी झाली.

दोन्हींत फरक नेमका कुठे पडतो

एअर कूलरच्या हीटपाइपमध्येही (उष्णता वाहणाऱ्या तांब्याच्या नळ्यांमध्ये) थोडं पाणीच असतं, कमी दाबाखाली बंद केलेलं. तळाशी त्याची वाफ होते, वर फिन्सपाशी (धातूच्या पातळ पट्ट्यांपाशी) ती थंड होते आणि पाणी आतल्या सच्छिद्र अस्तरातून परत खाली येतं. लिक्विड कूलरमध्ये हेच वहन पंप करतो. शेवटी दोन्हींत उष्णता पंख्यांच्या वाऱ्यानं खोलीतच जाते. म्हणून खोली ३५ अंशांची असेल तर पाणीही ३५ च्या खाली उतरणार नाही.

लिक्विडचे खरे फायदे दोन. पहिला, फिन्सचं क्षेत्रफळ प्रोसेसरपासून दूर, कॅबिनेटच्या कडेला नेता येतं, त्यामुळे ते मोठं ठेवता येतं. दुसरा, पाणी उष्णता धरून ठेवतं. एक किलो पाणी एका अंशानं तापायला जवळपास ४.१८ किलोज्यूल लागतात. त्यामुळे मिनिटभराचा जोराचा भार आला की द्रव तो पोटात घेतो आणि पंख्यांना धावाधाव करावी लागत नाही. भार तासभर टिकला तर हा दुसरा फायदा संपतो. वीस ते तीस मिनिटांत द्रव तापून स्थिर होतो आणि पुढे फक्त रेडिएटरचा आकार आणि पंखे बोलतात.

किती वॅटला काय

९० वॅटपर्यंत १२० मिमीचा एक पंखा आणि चार हीटपाइप असलेला साधा सिंगल टॉवर (फिन्सचा एकच गठ्ठा असलेला एअर कूलर) पुरतो. प्रोसेसरसोबत आलेला कूलरही चालतो, फक्त आवाज करतो. दीडशे वॅटपर्यंत चांगला सिंगल टॉवर किंवा ड्युअल टॉवर घ्या. दीडशे ते दोनशेच्या थोडं वर, इथे सहा-सात हीटपाइपचा ड्युअल टॉवर घ्यावा. थर्मलराइटचा पीअरलेस असॅसिन १२० एसई किंवा नॉक्चुआचा एनएच-डी१५ हे याच जातीचे. २४० चा लिक्विड कूलर यांच्या आसपासच येतो, कधी दोन-चार अंश पुढे, कधी मागे. त्यामुळे केवळ तापमानासाठी २४० घेण्यात आम्हाला अर्थ दिसत नाही.

सव्वादोनशे वॅट आणि वर, आणि तेही सलग कामात, म्हणजे तासन्‌तास रेंडरिंग किंवा मोठी कंपायलेशन असेल, तर २८० किंवा ३६० चा लिक्विड कूलर घ्या. इथे फरक अंशांत दिसतो आणि आवाजातही.

२८० कडे सहसा कुणी बघत नाही, पण पंख्यांच्या तोंडाचं क्षेत्रफळ काढून बघा. १२० चे दोन पंखे म्हणजे २८,८०० चौरस मिमी, १४० चे दोन म्हणजे ३९,२०० आणि १२० चे तीन म्हणजे ४३,२००. म्हणजे २८० हा २४० पेक्षा ३६ टक्के मोठा आणि ३६० च्या नव्वद टक्के आहे. शिवाय १४० चे पंखे तेवढीच हवा कमी फेऱ्यांत ढकलतात. कॅबिनेटमध्ये १४० ची भोकं असतील तर २८० चा विचार आधी करा.

१२० चा एकपंखी लिक्विड कूलर टाळा. चांगला सिंगल टॉवर त्याच्या बरोबरीनं काम करतो आणि त्यात बिघडायला पंप नसतो. अगदी लहान कॅबिनेटमध्ये टॉवर बसतच नसेल, तरच तो घ्यावा.

खर्च न करता प्रश्न सोडवणारा एक मार्गही आहे. रायझन ९ ७९५०एक्स बायोसमधून १०५ वॅटच्या इको मोडवर टाकला की त्याची मर्यादा २३० वरून १४२ वॅटवर येते. वेग थोडा कमी होतो, पण वॅट ज्या प्रमाणात घटतात त्या मानानं फारच थोडा. २५३ वॅटच्या इंटेललाही १८०-२०० ची मर्यादा घालून बघा. मग ड्युअल टॉवर आरामात पुरतो.

मिलिमीटरचा हिशोब

कॅबिनेटच्या माहितीत ‘सीपीयू कूलरची कमाल उंची’ दिलेली असते. पीअरलेस असॅसिन १५५ मिमी उंच आहे, एनएच-डी१५ १६५ मिमी. इथपर्यंत सगळे बघतात. घात होतो तो मेमरीमुळे. ड्युअल टॉवरचा पुढचा पंखा मेमरीच्या डोक्यावर येतो. एनएच-डी१५ मध्ये त्याखाली ३२ मिमी उरतात. साधी, हीटसिंक नसलेली मेमरी त्यात बसते. दिव्यांची, ४४ मिमी उंचीची मेमरी असेल तर पंखा १२ मिमी वर सरकवावा लागतो आणि १६५ चे १७७ होतात. मग कॅबिनेटची काच बंद होत नाही. उपाय तीन: कमी उंचीची मेमरी घ्या, पुढचा पंखा काढून फक्त मधला ठेवा (तापमान थोडंच वाढतं), किंवा हीटसिंक मागे सरकवलेला कूलर निवडा.

रेडिएटरचं मोजमाप वेगळं. साधा रेडिएटर २७ मिमी जाड, त्याला २५ मिमीचा पंखा, एकूण ५२. आर्क्टिकच्या लिक्विड फ्रीझर ३ मध्ये रेडिएटरच ३८ मिमीचा आहे, म्हणजे पंख्यासकट ६३. वरच्या बाजूला लावणार असाल तर छतापासून मदरबोर्डवरच्या सगळ्यात उंच भागापर्यंत एवढी जागा हवी. तिथे मेमरी आडवी येते, व्हीआरएमचा (प्रोसेसरचा वीजपुरवठा जुळवणाऱ्या भागाचा) हीटसिंक येतो, आणि प्रोसेसरला वीज देणारी आठ पिनांची जोडणी तर हमखास येते. ती केबल रेडिएटर बसवण्याआधीच जोडून घ्या, नंतर तिथे बोट जात नाही. पुढच्या बाजूला लावणार असाल तर ग्राफिक्स कार्डाच्या लांबीतून हे ५२ किंवा ६३ मिमी वजा करा. ‘३६० बसतो’ एवढंच वाचून खूश होऊ नका. कुठे बसतो ते बघा. दोन्ही टोकांच्या टाक्या धरून ३६० चा रेडिएटर ३९५ मिमीच्या आसपास भरतो.

जुना कूलर नव्या बोर्डावर नेणार असाल तर सॉकेटही तपासा. इंटेलच्या एलजीए १२०० वर भोकांमधलं अंतर ७५ मिमी होतं, १७०० वर ते ७८ झालं आणि १८५१ वर तेच राहिलं. एएम५ वर बोर्डामागची पट्टी (बॅकप्लेट) काढता येत नाही. त्यामुळे आधीच्या एएम४ सॉकेटचे जे कूलर बोर्डाचीच मूळ पट्टी वापरतात ते बसतात, स्वतःची पट्टी लावणारे नव्या किटशिवाय बसत नाहीत.

रेडिएटर कुठे लावायचा, पंप कुठे राहिला पाहिजे

लिक्विड कूलरच्या बाबतीत सगळ्यात जास्त चुका इथे होतात, म्हणून थोडं सविस्तर.

कारखान्यातून सीलबंद आलेल्या लिक्विड कूलरमध्ये थोडी हवा असतेच, आणि वर्षं जातात तशी ती वाढते, कारण रबरी नळ्यांतून द्रवाचा अंश हळूहळू बाहेर झिरपत असतो. ही हवा द्रवाच्या वाटेतल्या सगळ्यात उंच जागी जाऊन बसते. बहुतेक कूलरचा पंप प्रोसेसरवरच्या डोक्यातच असतो. म्हणून नियम एकच: रेडिएटरचा वरचा काठ पंपाच्या वर राहिला पाहिजे. वर लावलेला रेडिएटर सगळ्यात सुरक्षित. पुढे उभा लावला तर नळ्या खालच्या बाजूला घ्या, म्हणजे हवा वरच्या टाकीत निवांत पडून राहते. नळ्या पोचत नसतील आणि वर घ्याव्या लागल्या तरी चालेल, पण वरचा काठ पंपापेक्षा उंच आहे ना ते बघा. कधीमधी खळखळ ऐकू येईल. रेडिएटर कॅबिनेटच्या तळाशी लावू नका. तिथे पंपच सगळ्यात उंच ठरतो, हवा त्याच्यात शिरते आणि पंप कोरडा फिरून झिजतो. काही मॉडेलमध्ये पंप रेडिएटरमध्ये किंवा नळीवर असतो, तिथे माहितीपत्रकात दिलेली दिशा पाळा.

वर की पुढे? ग्राफिक्स कार्ड किती वॅटचं आहे त्यावर हे ठरतं. आरटीएक्स ४०८० ची मर्यादा ३२० वॅट, ४०९० ची ४५०. गेम चालू असताना कॅबिनेटमधली मोठी शेगडी तीच असते. रेडिएटर पुढे लावला की प्रोसेसरला ताजी हवा मिळते आणि कार्डाला तापलेली. वर लावून हवा बाहेर काढली की कार्डाला ताजी मिळते आणि रेडिएटरमधून कार्डाची गरम हवा जाते. गेमसाठी वर लावा, कारण तिथे प्रोसेसर पूर्ण भारावर क्वचितच असतो. दिवसभर प्रोसेसरवर रेंडरिंग करणाऱ्यानं पुढे लावावा.

टॉवर कूलर जाता जाता सॉकेटभोवतीच्या व्हीआरएमला आणि पहिल्या एम.२ ड्राइव्हलाही वारा घालतो. लिक्विड लावला की तो वारा बंद होतो. स्वस्त बोर्डावर २०० वॅटचा प्रोसेसर आणि लिक्विड कूलर असेल, तर मागचा पंखा काढू नका.

बसवताना

जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि धागे न सुटणाऱ्या कापडानं पुसा. एएम४ वरचा कूलर थंडगार अवस्थेत सरळ वर ओढला तर प्रोसेसर सॉकेटमधून उपटून येतो आणि पिना वाकतात. मशीन दहा मिनिटं चालवा, बंद करून वीज काढा, मग कूलर हलक्या हातानं डावी-उजवीकडे फिरवून सोडवा.

नवीन कूलरच्या तळाला पारदर्शक फिल्म चिकटवलेली असते. चकचकीत तांब्यावर ती जवळजवळ दिसतच नाही. कोपऱ्याला नख लावून बघा. फिल्म तशीच राहिली तर मशीन सुरू होतं, विंडोजही येते, आणि जरा भार टाकला की काही सेकंदांत तापमान शंभराला भिडतं.

एएम५ वर मधोमध वाटाण्याएवढी पेस्ट पुरते. एलजीए १७०० आणि १८५१ चे प्रोसेसर लांबट असतात, त्यांना मध्ये एक आणि चार कोपऱ्यांकडे चार छोटे ठिपके द्या. स्क्रू समोरासमोरचे, प्रत्येकी दोन-तीन फेरे देत आळीपाळीनं आवळा. एकच बाजू आधी पूर्ण आवळली तर पेस्ट दुसरीकडे पळते आणि तळ तिरका बसतो.

पंख्याच्या चौकटीच्या कडेला बारीक नजरेनं पाहिलं तर दोन बाण कोरलेले सापडतात. एक पातं कुठे फिरतं ते सांगतो, दुसरा वारा कुठे जातो ते. बाण नसतील तर मोटर धरून ठेवणाऱ्या आडव्या काड्या ज्या बाजूला, तिकडे वारा बाहेर पडतो. टॉवरचे दोन्ही पंखे एकाच दिशेला, कॅबिनेटच्या मागच्या पंख्याकडे तोंड करून हवेत.

पंपाची वायर ‘एआयओ पंप’ हेडरला (मदरबोर्डवरच्या पिनांना) लावून बायोसमध्ये त्याचा वेग कायम पूर्ण ठेवा. रेडिएटरचे पंखे ‘सीपीयू फॅन’ हेडरला लावा. तो रिकामा राहिला तर अनेक बोर्ड सुरू होतानाच ‘सीपीयू फॅन एरर’ दाखवून थांबतात. साध्या हेडरची क्षमता बहुधा १ अँपिअर असते, तीन दिव्यांचे पंखे एकाच हेडरवर टाकण्याआधी त्यांचे अँपिअर मिळवून बघा.

पंखे सारखे वर-खाली ओरडत असतील तर कूलर बदलू नका. बायोसमध्ये पंख्यांचा प्रतिसाद काही सेकंद लांबवा. कूलर द्रवाचं तापमान दाखवत असेल तर पंखे त्यावर चालवा, प्रोसेसरच्या तापमानावर नको.

चाचणी आणि बिघाड ओळखणं

एअर कूलरला सिनेबेंच या चाचणी प्रोग्रॅमची दहा मिनिटांची फेरी पुरते. लिक्विडला किमान अर्धा तास द्या, नाहीतर तो खोटं गोड दाखवतो. खोलीचं तापमान टिपून ठेवा आणि प्रोसेसरच्या तापमानातून ते वजा करून जो आकडा येईल तोच पुढच्या वेळी ताडून बघा.

तापमान चढण्याची चाल पाहिली की दोष कुठे आहे ते कळतं. भार टाकताच पाच-दहा सेकंदांत मर्यादा गाठली तर तळ नीट टेकलेला नाही, फिल्म राहिली आहे किंवा पंप बंद आहे. सुरुवातीला सगळं ठीक आणि वीस मिनिटांत हळूहळू वर, तर रेडिएटरमधून हवा पुरेशी जात नाही: धूळ, उलटा पंखा किंवा कोंडलेलं कॅबिनेट. काच उघडताच आठ-दहा अंश उतरले, तर दोष कूलरचा नाही, कॅबिनेटमध्ये हवा खेळत नाही.

पंपाचा संशय असेल तर भार चालू असताना दोन्ही नळ्यांना हात लावा. एक स्पष्ट गरम आणि दुसरी गार असेल तर द्रव नीट फिरत नाही. पंप चालू असताना दोन्ही साधारण सारख्याच कोमट लागतात. पंप मेला म्हणून प्रोसेसर जळत नाही, तो आधी वेग उतरवतो आणि मग मशीन बंद करतो. एअर कूलरचा पंखा बंद पडला, तर कॅबिनेटच्या वाऱ्यावर तो हलकं काम तरी निभावून नेतो.

आयुष्य

टॉवरचा हीटसिंक वर्षानुवर्षं टिकतो, पंखा बदलला की झालं. सीलबंद लिक्विड कूलरचं आयुष्य साधारण पाच ते सात वर्षं धरा. द्रव झिरपून कमी होतो, शिवाय तळ तांब्याचा आणि रेडिएटर अॅल्युमिनियमचा असल्यामुळे गंजरोधक रसायन संपत आलं की गाळ धरतो आणि तळाच्या बारीक फटी बुजतात. वॉरंटी सहा वर्षांची असेल तर सहाव्या वर्षी नवीन कूलरचा विचार करायला लागा. गळती क्वचित होते, होते तेव्हा बहुधा नळीच्या जोडाशी होते. नळी तिथे करकचून वाकवू नका.

सुटे भाग जोडून बनवलेला कस्टम लूप हा तापमानासाठी घ्यायचा पर्याय नाही, त्याची हौस आणि फावला वेळ लागतो. घेतलाच तर तांबं आणि अॅल्युमिनियम एकत्र करू नका, डिस्टिल्ड वॉटरमध्ये शेवाळरोधक टाका आणि वर्षातून एकदा द्रव बदला.

मशीन लांब न्यायचं असेल तर जड टॉवर उतरवून न्या. एनएच-डी१५ पंख्यांसकट १.३२ किलो आहे, प्रवासातल्या धक्क्यांनी तो बोर्ड वाकवू शकतो. उतरवणं शक्य नसेल तर मदरबोर्ड आडवा राहील अशा बेतानं कॅबिनेट झोपवून न्या.

धूळ तीन महिन्यांतून एकदा काढा. ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटानं धरून ठेवा, नाहीतर ते भन्नाट वेगानं फिरून बेअरिंग खराब होतं. रेडिएटरवर पंखे ज्या बाजूनं हवा आत ढकलतात, त्या बाजूला पंखा आणि फिन्स यांच्यामध्ये धुळीचा नमद्यासारखा थर जमतो आणि तो बाहेरून दिसत नाही. वर्षातून एकदा चार स्क्रू काढून पंखा बाजूला करा आणि तो थर उचलून काढा.